बंद गाडीची पाहणी

आमच्या फाटकाला आतून कडी आहे. अण्णा एसटीत चालक होते. २०१७ साली निवृत्त झाले आणि त्याच सप्टेंबरात त्यांनी बुलेट घेतली. सगळी नोकरी महामंडळाची गाडी चालवण्यात गेली, स्वतःच्या नावावरची ही पहिली. संध्याकाळी ते मंडईतून परत यायचे, गाडी गल्लीच्या वळणावर आली की आई हातातलं काम टाकून उठायची, आणि गाडी दारात येण्याआधी कडी निघालेली असायची. अण्णांनी आमच्या दारात कधी हॉर्न दिल्याचं मला आठवत नाही.

जून २०२१ मध्ये अण्णा गेले. गाडी विकायची नाही, हे आई आणि भाऊ दोघांनीही न विचारता सांगितलं, आणि ती माझ्याकडे आली. आरटीओत फॉर्म ३१ भरला, मृत्यूचा दाखला जोडला, आई आणि भावाचं ना-हरकत दिलं. विम्याचं मात्र मला ठाऊक नव्हतं. पॉलिसीधारक वारला तर पॉलिसी त्याच दिवशी संपत नाही. ती तीन महिने, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तोवर, चालू राहते आणि तेवढ्या काळात वारसानं ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. हे मला विमा कंपनीच्या काउंटरवरच्या एका मुलीनं समजावून सांगितलं. अण्णांनी एकदाही क्लेम केला नव्हता, म्हणून जमलेला नो क्लेम बोनसही, म्हणजे हप्त्यातली सूट, वारसाला मिळतो, हेही तिनंच सांगितलं. सप्टेंबरात पॉलिसीचं नूतनीकरण माझ्या नावावर झालं तेव्हा बोनस पंचेचाळीस टक्के लागला होता. चार वर्षं सांभाळून गाडी चालवल्याबद्दल अण्णांना मिळालेला तो आकडा. त्या कागदाकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

अपघात झाला जानेवारी २०२२ मध्ये. मी कृषी सहायक आहे. त्या दिवशी वाळवा तालुक्यातल्या दोन गावांचं काम संपवून आष्ट्यावरून सांगलीला येत होते. उसाचा हंगाम ऐन भरात. या दिवसांत आमच्याकडचे रस्ते कसे असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. ट्रॅक्टरमागे जोड ट्रॉल्या, त्यात दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, मागं दिवा नाही, आणि रिफ्लेक्टर लावलाच असेल तर तो पाचटाआड गेलेला. सुटलेली कांडी रस्त्यावर पडतात, मागून येणारी चाकं ती चेचतात, रसावर माती बसते आणि अंधार पडता पडता डांबरावर एक बुळबुळीत पट्टा तयार होतो. ऊस पिकवणारे, तोडणारे, ओढणारे, सगळ्यांशी माझा रोजचा संबंध आहे. त्यांची ओढाताण मी बघते. तरीही सांगते, ट्रॉलीच्या मागे लाल पट्टी न लावता रात्री रस्त्यावर येणं हे मला माफ करता येत नाही. दर हंगामात माणसं मरतात याच्यामुळे.

माझा वेग चाळिशीच्या आत होता. मागचं चाक त्या पट्ट्यावर सरकलं आणि गाडी उजव्या अंगावर पडून घासत गेली. लेग गार्ड होता म्हणून पाय चिरडला नाही, पण पोटरीला बेंड पाईपचा, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत जाणाऱ्या वाकड्या नळीचा, चटका बसला. त्याचा डाग अजून आहे. शेतातून दोन पोरं धावत आली, गाडी उचलली, मला बांधावर बसवून पाणी दिलं. गाडी उचलण्याआधी त्यांतल्या एकानं मोबाईलवर फोटो काढला होता, तो त्यानं मला पाठवला. पुढे जागेवरचा पुरावा म्हणून माझ्याकडे तेवढा एकच फोटो होता. त्या पोराचं नावही मी विचारलं नाही, याची रुखरुख आहे.

त्याच रात्री कंपनीला फोन करून कळवलं. उत्तर मिळालं की पाहणी होईपर्यंत गाडी खोलू नका. दुसऱ्या दिवशी छोट्या हत्तीत घालून गाडी सांगलीच्या अधिकृत वर्कशॉपला नेली. एस्टिमेट निघालं सतरा हजारांच्या आसपास. हँडल, पुढच्या ब्रेकची मूठ, हेडलाइटची काच, उजवे इंडिकेटर, फूटरेस्ट, मडगार्डचा रंग, बेंड पाईप आणि सायलेन्सर. सल्लागार मुलगा म्हणाला, "मॅडम, क्लेम केला की पंचेचाळीस टक्के बोनस जाणार, पुढच्या वर्षी शून्यावरून सुरुवात. बघा, विचार करा." मी हिशोब केला. बोनस हप्त्यातल्या फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळतो, तिऱ्हाइताच्या विम्यावर नाही. दुचाकीत तो भाग लहान असतो, म्हणजे माझं वर्षाला काही शे रुपयांचं नुकसान. सतरा हजारांपुढे ते सोडायला हरकत नव्हती. आरसा फुटला, इंडिकेटर तुटला एवढंच असतं तर मी खिशातून भरले असते.

कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आले. कळवल्यापासून बहात्तर तासांत सर्व्हेअर नेमायचा असा तेव्हाचा नियम होता आणि तो पाळला गेला, हे मान्य करायला हवं. मध्यमवयीन, शांत, वागायला नेमस्त गृहस्थ. गाडीभोवती एक फेरी मारली, चारही बाजूंनी फोटो काढले, चासी नंबर पेन्सिलीनं कागदावर घासून घेतला. सायलेन्सरपाशी वाकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हा कंपनीचाच आहे ना? बदललेला नाही?"

मला तो प्रश्न लागला. पण त्यांचंही बरोबर होतं. बुलेट म्हटलं की फटाके फोडणारा सायलेन्सर बसवलेला असणार, हे त्यांनी शेकडो गाड्यांत पाहिलेलं. असे सायलेन्सर जप्त करून त्यावर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण पेपरात पाहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असे फेरफार करता येत नाहीत, आणि विमा मूळ गाडीचा असतो. मी खाली बसून त्यांना पाइपावरचा कंपनीचा शिक्का दाखवला. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. लेग गार्डवर त्यांनी काट मारली, कारण तो वरून बसवलेला आणि पॉलिसीत लिहिलेला नव्हता. पाय ज्यानं वाचवला तोच यादीतून गेला. तरी ते मी मान्य केलं. जे सांगितलं नाही आणि ज्याचा हप्ता भरला नाही, ते मागायचं कसं?

दोन दिवसांनी मंजुरीचा तक्ता आला. तो वाचायला शिकावं लागतं. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक यांवर पन्नास टक्के घसारा, म्हणजे वापरून झिजल्याची कपात, गाडी नवी असो की जुनी. काचेवर घसारा नाही, म्हणून हेडलाइटची काच पूर्ण मंजूर. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे चढत जातो. पहिले सहा महिने काही नाही, मग पाच टक्के, दहा, पंधरा, पंचवीस, चार ते पाच वर्षांच्या गाडीला पस्तीस, पाचानंतर चाळीस आणि दहा वर्षांपुढे पन्नास. आमची गाडी सव्वाचार वर्षांची, म्हणजे पस्तीस. रंगकामात रंगाच्या मालावर निम्मा. शून्य घसाऱ्याचं जादा कवच अण्णांनीही घेतलं नव्हतं आणि मीही. या सगळ्यानंतर दुचाकीचे सक्तीचे शंभर रुपये वजा. इथवर मला काही वावगं वाटलं नाही.

मग सायलेन्सरची ओळ. मागणी: बदली, करासह ६,८०० रुपये. मंजुरी: दुरुस्ती, ७०० रुपये. शेरा: 'बाह्य ओरखडे, किरकोळ पोचा.'

खरं सांगते, तो शेरा वाचून मला बरंच वाटलं. अण्णांच्या गाडीचा तो सायलेन्सर. बेंड पाईप तापून तापून जांभळा-निळा झालेला, शेवटच्या टोकाला क्रोमवर तपकिरी छटा. दर रविवारी खोबरेल तेलाच्या फडक्यानं ते तो पुसायचे. पोचा काढून, बफिंग करून तोच परत बसणार असेल तर मला नवा नकोच होता. कामाला होकार दिला.

आठ दिवसांनी गाडी घ्यायला गेले. सायलेन्सर चकचकीत. सल्लागारानं दोन कागद पुढे केले. एक बिलाचा, दुसऱ्यावर 'काम समाधानकारक झाले' असा मजकूर आणि खाली सहीची जागा. मी म्हटलं, आधी चालू करून बघते. किक मारली. गाडी चालू झाली आणि माझ्या पोटात गोळा आला. तो आवाज तो नव्हताच. ठोका पडायचा तिथे पडत होता, पण ठोक्याच्या मागे काहीतरी खुळखुळत होतं, आणि थोडी रेस दिली की आवाज दबायचा, जणू कुणी घशावर हात ठेवलाय. सल्लागार म्हणाला, "बेंड पाईप नवीन आहे ना मॅडम, चार दिवसांत बसेल." मी सही केली नाही.

आमच्या मागच्या गल्लीत एका मेस्त्रींचं पत्र्याचं गॅरेज आहे. अण्णा ऑइल बदलायला त्यांच्याकडे जायचे आणि तासभर बसून यायचे. त्यांना मी वर्कशॉपात घेऊन आले. आधी त्यांनी गाडी चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडकं क्षणभर दाबून धरलं. कुठून हवा फुसफुसते का, ते पाहिलं. जोडाकडून काही नाही. मग गाडी बंद केली, निवू दिली, क्लॅम्प सोडवून सायलेन्सर उतरवला आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं तो टोकापासून टोकापर्यंत हळू हळू ठोकत गेले. मागचा भाग टणटण वाजत होता. फूटरेस्टच्या पट्टीजवळ, जिथे सायलेन्सर गाडीला बोल्टनं धरलेला असतो, तिथे आवाज बसका झाला. त्यांनी सायलेन्सर उभा धरून उलटा केला. आत काहीतरी सरकत खाली आलं आणि तळाशी टक् करून थांबलं.

"ताई, वरचं कवच बरं हाय. आतली प्लेट सुटलीया."

मग त्यांनी मला ते समजावलं. इंजिनातून जळालेला वायू सलग येत नाही, प्रत्येक ठोक्याला एक धक्का येतो. सायलेन्सरच्या आत पोकळी नसते, खोल्या असतात. पत्र्याच्या पडद्या, भोकं पाडलेल्या नळ्या. त्यातून वळत, आपटत जाताना धक्का मोडतो आणि आवाज उतरतो. गाडी उजवीकडे पडली तेव्हा फूटरेस्ट मागे दाबला गेला, त्यानं सायलेन्सरची पट्टी ओढली, आणि त्या ओढीत आतल्या पडदीचं वेल्डिंग तुटलं. सुटलेला तुकडा आडवा झाला की वायूची वाट अडते. मग इंजिन तापतं, ओढ कमी होते, पेट्रोल जास्त जातं. बाहेरून यातलं काहीही दिसत नाही. बाहेर फक्त ओरखडा.

नव्या गाड्यांच्या मालकांसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवते. एप्रिल २०२० पासून गाडीच्या धुराचा बीएस-सिक्स हा नवा निकष आला, आणि बऱ्याच गाड्यांत बेंड पाईप आणि सायलेन्सर मिळून एकच तुकडा येतो, आत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महाग धातूंचा लेप. बाहेरचा पोचा काढून बफिंग केलं म्हणजे ते शाबूत आहे असं कळत नाही. पडलेल्या गाडीचा सायलेन्सर हलवून बघा, चालू करून ऐका, आणि हे पाहणीच्या दिवशीच करा.

मेस्त्रींना जे पाच मिनिटांत कळलं ते कागदावर आणायला मला तीन आठवडे लागले. त्यांच्याकडे लेटरहेड नाही, शिक्का नाही, जीएसटी क्रमांक नाही. त्यांचं म्हणणं कंपनी वाचणारच नव्हती. या गोष्टीचा मला त्या दिवसांत फार राग आला. म्हणून मी वर्कशॉपच्या मॅनेजरना बाहेर बोलावलं, सायलेन्सर त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, साहेब, फक्त उलटा करा. त्यांनी केला. मग त्यांनी जॉबकार्डावर एक ओळ लिहून दिली: आतील भाग सुटल्याचा आवाज येतो, दुरुस्ती शक्य नाही. खाली सही, शिक्का.

सर्व्हेअरांना मेल केला. उत्तर नाही. अहवालाची प्रत मागितली. ती मागण्याचा हक्क पॉलिसीधारकाला आहे. प्रत आली, त्यात तोच शेरा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लिहिलं. रागाचं एकही वाक्य ठेवलं नाही. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, यात अण्णांचं काहीच नाही. मी म्हटलं, यात त्यांचं नको. अपघाताची तारीख, क्लेम क्रमांक, त्या पोराचा फोटो, जॉबकार्डाची ओळ, गाडी चालू असतानाचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, आणि एकच मागणी: सायलेन्सर उतरवून, माझ्यासमोर पुन्हा पाहणी करावी. तक्रारीला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं बंधन होतं. महिनाभरात काही झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईचा पट्टा सोडून उरलेल्या महाराष्ट्रासाठी ते कार्यालय पुण्यात, नारायण पेठेत आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. तो अर्जही मी लिहून तयार ठेवला होता.

तो पाठवावा लागला नाही. अकराव्या दिवशी सर्व्हेअरांचा फोन आला, बाराव्या दिवशी ते स्वतः आले. सायलेन्सर बाकावर ठेवलेला होता. मी काही बोलले नाही. त्यांनी तो उचलला, आडवा केला, उभा केला, मग कानाजवळ नेऊन हळूच हलवला. टक्. पुन्हा हलवला. टक्. बाजूच्या रॅम्पवर कुणी तरी गाडीला रेस देत होतं, त्याला त्यांनी हातानंच थांबायला सांगितलं आणि तिसऱ्यांदा ऐकलं.

"मॅडम, हे मला त्या दिवशी दाखवायला हवं होतं."

"त्या दिवशी गाडी बंद होती साहेब. चालू कुणीच केली नाही. तुम्हीही नाही, वर्कशॉपनंही नाही, मीही नाही."

ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दिवसाला बऱ्याच गाड्या असतात. फोटोत येतं तेवढं लिहिलं जातं." त्यांनी तिथेच बसून सप्लिमेंटरी अहवाल लिहिला. सायलेन्सर, बदली. त्या माणसाबद्दल माझ्या मनात कडवटपणा उरला नाही. पण ज्या कामात ऐकायला वेळच ठेवलेला नाही, त्या कामाच्या रचनेबद्दल आहे. ज्याला पत्र लिहिता येत नाही, जो सही करून गाडी घेऊन जातो, त्याच्या सायलेन्सरमध्ये ती प्लेट तशीच खुळखुळत राहणार, आणि दोन महिन्यांनी इंजिनाचं काम निघालं तर ते अपघाताचं म्हणून कुणी धरणार नाही.

६,८०० मधून पस्तीस टक्के घसारा गेला, उरले ४,४२०. जुन्या सायलेन्सरचे भंगार म्हणून दीडशे वजा, कारण तो मी घरी नेणार होते. हाती ४,२७० रुपये. मेस्त्रींनी ग्राइंडरनं तो जुना सायलेन्सर उभा कापला. आत काजळीचा मऊ काळा थर होता आणि त्यात तळहाताएवढी पडदी, एका कडेला वेल्डिंगचे दाणे ताजे, चमकते, तुटल्या जागी. मी फोटो काढून कंपनीला पाठवून दिला. क्लेम मिटला होता, तरी त्यांच्या फाइलीत तो असावा असं वाटलं.

नव्या सायलेन्सरचा आवाज कोरा, जरा कडक. पहिल्या दिवशी गल्लीत शिरताना मी मनाची तयारी केली होती की आज आपल्याला हॉर्न द्यावा लागणार. आईला हा आवाज ओळखू येणार नाही. वळण घेतलं, दारात आले, तर कडी निघालेली आणि आई फाटक धरून उभी.

मी गाडी स्टँडवर लावली. म्हटलं, आई, आवाज तर वेगळा आहे, तुला कळलं कसं?

"आवाजावर नाही गं," ती म्हणाली. "तुझे अण्णा वळणावर क्लच दाबायचे. गाडी तिथं जरा गप्प व्हायची, मग पुढं. तूही तसंच करतेस."